बरं वाटत असताना

३ मार्च

चि. ढब्बूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता बहिणीला विसरलास की काय? मी आहे तशीच. दिवसभर शिलाई मशीन बोलतं, मी ऐकते.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा झगा द्यायला दवाखान्यात गेले, तर त्यांनी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी आणि शंभर! दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तेवढाच. मी म्हटलं, माझं तर डोकंही दुखत नाही. त्या म्हणाल्या, रक्तदाब असाच असतो, मुकाट्याने आतून पोखरतो. गोळी दिली. तीन आठवड्यांत आकडा उतरला, म्हणून कालपासून बंद केली. बरं वाटत असताना औषध कशाला?

दोन ओळी तरी खरड. माया असू दे.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नकोस. मी सांगतोय, शेजारचे मास्तर लिहितायत.

जानेवारीत एका सकाळी शिडीवर उभा असताना ब्रश हातातून गळला. उजवी बोटं ऐकेनात, तोंड वाकडं झालं. दुकानदाराने तडक इस्पितळात नेलं म्हणून वाचलो. मलाही रक्तदाब होता, ताई. तुला कधी बोललो नाही. आकडा उतरला म्हणून मीही आपल्या मनाने गोळ्या सोडल्या होत्या. तो गोळ्यांमुळेच उतरला होता, हे इस्पितळात कळलं.

तू घाबरशील म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होतो. खरं तर लाज वाटली. मास्तर संध्याकाळी येतात. तोवर भिंत आणि मी.

गोळी आजच सुरू कर. राग धरू नकोस.
तुझा ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस, आशीर्वाद.

पत्र वाचून आधी गोळी घेतली, मग रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. गोळी रोज ठरल्या वेळी, मीठ कमी, रोज चालणं, आणि विचारल्याशिवाय काही सोडायचं नाही, एवढं बजावलं. तुझंही सांगितलं. हाताचा व्यायाम नेटाने केला तर फरक पडतो म्हणाल्या. पूर्वीसारखा होईल असं मात्र म्हणाल्या नाहीत.

हातातले कपडे गिऱ्हाइकांना परत केले. मशीनवर चादर टाकली. शनिवारच्या गाडीने निघतेय. मास्तरांना उत्तर लिहायला बसवू नकोस, उत्तर पोचेपर्यंत मी तुझ्या दारात असेन.

ताई