छतातला जादा हूक

उल्हासनगर,
४ जुलै १९९७

चि. अंजना हीस,
वहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. अंबरनाथ पश्चिमेची आपली बिल्डिंग पायातून वर आली. हे सांगत होते, तिच्या स्लॅबचं ड्रॉइंग पुण्याला तुझ्याच ऑफिसात, तुझ्याच कॉम्प्युटरवर आहे. म्हणजे आमचं छप्पर आता नणंदेच्या हातात! सासुरवास म्हणतात तो हाच.

विचारू नये ते विचारते. मला दिवस गेलेत, दुसरा महिना आहे. मागच्या वेळी आपण हौसेने आधीच फर्निचर बाजारातून पाळणा आणला आणि बाळ घरी आलंच नाही. तेव्हापासून आईंचा नेम आहे, मूल घरी येईपर्यंत त्याच्यासाठी दुपटंसुद्धा आणायचं नाही. मलाही भीती वाटते गं. पण हे म्हणतात, या स्लॅबला मागाहून भोक पाडता येत नाही. मग स्वयंपाक करता करता दोरी ओढता येईल असा पाळणा टांगायचा कुठे?

पत्र वाचून फाडून टाक.

तुझी वहिनी,
शालन

पुणे,
१२ जुलै १९९७

ती. वहिनीस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र फाडलं. दादा बरोबर सांगतो. या स्लॅबमध्ये सळ्यांबरोबर पोलादी केबल असतात. काँक्रीट घट्ट झालं की त्या जॅकने ताणायच्या आणि टोकं कायमची आवळून ठेवायची. पुढे कुणी ड्रिलने केबल तोडली तर छताचा जोरच जातो. म्हणून हूक आधीच ठेवावा लागतो.

मी दिवसभर त्याच केबल पडद्यावर आखते. खांबावरून जाताना वर, खोलीच्या मध्याशी खाली, ओले कपडे टाकलेल्या दोरीसारख्या. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी नेमक्या दोन येत होत्या. त्या जरा बाजूला वळवल्या. पुन्हा सगळं गणित करताना कॉम्प्युटरने माझी जेवणाची सुट्टी खाल्ली. साहेबांनी विचारलं, दाराजवळ हूक कशाला? मी म्हटलं, जादा पंख्यासाठी, आमच्याकडची माणसं तिथेच जेवायला बसतात. त्यांनी सही केली.

आणखी एक. सगळ्या मजल्यांना एकच ड्रॉइंग लागतं, त्यामुळे हा हूक तुमच्या वर प्रत्येक घरात येणार. तेव्हा तुमच्यासाठी मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. आईचा नेम शाबूत आहे. जड उचलू नका.

माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
अंजना

अंबरनाथ,
१ मार्च १९९८

चि. अंजना हीस,
वहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

डिसेंबरात इथे राहायला आलो. वरच्या मधूभाऊंनी त्या हुकाला कांद्यांची जाळी टांगली, त्यांच्या वरच्यांनी पोपटाचा पिंजरा. बिल्डरला अक्कल नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मीही मान हलवते.

मला मात्र तो रिकामा हूक बघवेना. पोळ्या लाटताना नजर तिकडे जायची आणि हात थांबायचा. शेवटी यांना खरोखरच पंखा आणून लावायला सांगितलं. ऐन थंडीत पंखा! शेजारणी हसल्या. आई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत, मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

परवा दवाखान्यातून घरी आलो. आईंनी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आत आल्या, वर बघितलं आणि यांना स्टूल आणायला सांगितलं.

पंखा उतरलाय. मुलगी आहे. नाव आत्यानेच ठेवायचं असतं, रजा काढून ये.

लोभ माझ्यावर होता तसाच आता दोघींवर असू दे.

तुझी वहिनी,
शालन