आबांचा पावडरीचा चहा

धुळे,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. संघमित्रा हिस आबांचा आशीर्वाद आणि जय भीम.

तू धम्मपालबरोबर पाठवलेलं दूध पावडरचं किलोचं पाकीट पोचलं. तुझा निरोपही त्याने वहीवर लिहून दाखवला की, आता दूध तापवायचं बंद. इंजिनाला खेटून एकतीस वर्षं एसटी चालवली, कान तिथेच राहिले. फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र.

दूध दोनदा उतू गेलं हे खरं. दुसऱ्या वेळी गॅस विझला, वास समोरच्या सुनंदाबाईंना आला आणि त्यांनीच धावत येऊन बटण फिरवलं, हेही खरं. पण तेवढ्यावरून घराला कुलूप लावून जळगावला चला, हा तुझ्या नवऱ्याचा, धम्मपालचा हट्ट मला पटत नाही. तुझी सासू कलाबाई होती तोवर मी ओट्यापाशी पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही. आता ती जाऊन वर्ष झालं. सगळं पहिलीपासून शिकायचंय, जरा वेळ द्या.

आज पावडरीचा चहा केला. उकळत्या चहात दोन चमचे टाकले, तर साबुदाण्यासारख्या गोळ्या वर तरंगायला लागल्या. अर्ध्या गाळणीत राहिल्या, अर्ध्या दातांत. सुनंदाबाईंच्या यजमानांना, अभिमनला, एक कप दिला. चावून खायचा चहा आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, असं त्याने वहीत लिहिलं. कुठे चुकलं ते कळव.

माया आहेच, पत्र मात्र लवकर पाठव.

तुझे आबा,
मोतीलाल


जळगाव,
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना संघमित्राचा सविनय जय भीम.

वि. वि. तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. आबा, पावडर उकळत्या चहात कधीच टाकायची नाही. आधी वाटीत घ्यायची, एका कपाला तीन सपाट चमचे. त्यावर थोडंसंच कोमट पाणी, आणि चमच्याने घोटत राहायचं. भज्यांच्या पिठासारखं झालं की मग अजून पाणी घालून पातळ करायचं. पातेल्यात दुसरीकडे पाणी, आलं, साखर, चहापत्ती चांगली उकळू द्यायची. रंग उतरला की आच बारीक करून वाटीतलं दूध ओतायचं. एक उकळी आली की लगेच बंद. आणि तोवर ओट्यापासून हलायचं नाही.

धम्मपालांशी मी भांडून मार्चपर्यंतची मुदत घेतली आहे. तोवर गॅसचा एकही घोटाळा झाला नाही, तर जळगावचा विषय ते काढणार नाहीत. ते रागावत नाहीत आबा, घाबरतात. तुमच्या साखरेमुळे डॉक्टरांनी दिवसाला दोनच कप सांगितलेत, तेवढं लक्षात असू द्या.

तब्येत सांभाळा, आमच्यावरचा जीव असाच राहू द्या.

तुमची,
संघमित्रा


धुळे,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संघमित्रा हिस आशीर्वाद आणि जय भीम.

उत्तराला उशीर झाला. बातमी वाईट आहे. अभिमन बावीस जानेवारीला पहाटे गेला. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. बासष्ट हे काय जायचं वय आहे का? मुलगा संध्याकाळी सुरतहून आला. धम्मपालला सांग.

चहा आता जमतो. गोळी एकही नाही. पावडर घोटताना घाई केली की बिघडते, एवढंच त्यातलं गुपित. गॅसचा घोटाळा नाही. पाकीट संपलं म्हणून इथल्या दुकानातून दुसरं आणलं आहे, तू पाठवू नकोस.

थंडी अजून आहे. सगळे जपून राहा आणि म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

तुझे आबा


जळगाव,
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांना सविनय जय भीम.

वि. वि. अभिमनकाकांचं वाचून फार वाईट वाटलं. सुनंदाकाकूंना आमचा निरोप द्या.

पण आबा, आता रागावून लिहिते. एका किलोत निदान ऐंशी-नव्वद कप होतात. डॉक्टरांच्या हिशोबाने ते पाकीट वीस फेब्रुवारीपर्यंत तरी पुरायला हवं होतं. म्हणजे तुम्ही दिवसाला किती कप घेताय? मी तुम्हाला चहा शिकवला तो एकटं राहता यावं म्हणून, साखर वाढवून घ्यावी म्हणून नाही. धम्मपाल म्हणाले की, गॅसपासून वाचले आणि चहात बुडाले. त्यांच्यासमोर तुमची बाजू घ्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. रविवारी, तेवीस तारखेला, ते तुम्हाला न्यायला येत आहेत. कपडे भरून ठेवा.

रागावले तरी तुमचीच आहे, हे विसरू नका.

संघमित्रा


धुळे,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संघमित्रा हिला सुनंदाबाईचा आशीर्वाद.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चुकलं तर समजून घे. तुझं पत्र मोतीलालभाऊंनी मला वाचायला दिलं. आज त्यांच्या घरी गेले, तर कॉटवर बॅग उघडी आणि ते एकेक सदरा घडी करून भरत होते. मग मला राहवलं नाही.

ते पाकीट त्यांनी नाही प्यायलं बाई. ते आमच्या दारात संपलं.

आमचे हे गेले त्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत गल्ली भरली. आमच्या घरात चूल पेटायची नव्हती. दुधाची गाडी आली नव्हती. माणसं थंडीत उभी, म्हातारी माणसं, लांबच्या गल्ल्यांतून आलेली. कुणाला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मोतीलालभाऊ त्यांच्या घरातून मोठं पातेलं घेऊन आले. दोन्ही हातांत धरलेलं, पाय जपून टाकत. चाळीस माणसांना चहा दिला त्यांनी. पहिला कप माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. त्यांना ऐकू कुठे येतं? तसेच धरून बसले. शेवटी मी घेतला. पोटात गरम काहीतरी गेलं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

पुढे दहा दिवस, सकाळी सातला आणि दुपारी चारला, थर्मास घेऊन यायचे. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, कसं व्हयनं वो माय? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा जीव जायचा. मोतीलालभाऊंनी एक शब्द विचारला नाही. बशी धरून नुसते बसायचे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी त्यांच्यापुढे मोठ्याने काय काय बोलले, कुणावर चिडले, देवाला काय म्हटलं, ते माझं मला माहीत.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या वहीत लिहिलं की, भाऊ, तुम्ही फार केलं. तर त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, कलाबाई गेली तेव्हा घरात पन्नास माणसं होती आणि मला माझ्याच ओट्यावर चहाचा डबा सापडला नव्हता. तेव्हाची लाज अजून जात नाही.

त्यांना न्यायचं तर न्या, तुमचे वडीलधारे आहेत. पण साखर वाढली म्हणून नेऊ नका. त्या दहा दिवसांत त्यांनी स्वतः दोन कपांच्या वर घेतला नाही, मी बघत होते.

सुखात राहा, इकडे आलात तर माझ्या दारावरून तसेच जाऊ नका.

सुनंदाबाई


जळगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांना सविनय जय भीम.

वि. वि. सुनंदाकाकूंचं पत्र काल आलं. अभिमनकाका गेले आणि पाकीट संपलं, ही दोन्ही वाक्यं तुमच्या एकाच पत्रात होती. मी शाळेत मुलांना उतारा नीट वाचायला शिकवते, आणि मला ती जोडता आली नाहीत. माफ करा.

पत्र मी धम्मपालांना मोठ्याने वाचून दाखवलं. ओट्यावर डबा सापडला नाही, इथे आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, आई गेली त्या दिवशी मीही तिथेच होतो. बाहेरच्या पायरीवर बसून कुणीतरी दिलेला चहा प्यालो. तो कुणी केला, आबांना मिळाला का, हे मी पाहिलंच नाही. उठताना एवढंच म्हणाले की, आबा तिथेच राहू देत, मी मार्चबिर्च काही म्हणणार नाही.

आबा, मी तुम्हाला एका कपाचा चहा शिकवला होता. चाळीस कपांची पावडर गोळी न होऊ देता कशी घोटतात, हे मलाही येत नाही. ते तुम्ही मला शिकवायचं.

रविवारी आम्ही दोघंही येतोय, पण न्यायला नाही. कपडे परत कपाटात लावा. आधी सुनंदाकाकूंकडे जाऊ. तिथे गेल्यावर त्यांना काय विचारायचं, असं धम्मपालांनी मला विचारलं. मी म्हटलं, काही विचारायचं नाही. आबांच्या शेजारी बसायचं.

तोवर स्वतःला जपा. तुमची सून म्हणवून घ्यायला मला फार बरं वाटतंय.

तुमची,
संघमित्रा