एका कागदावरची दोन झुडपे

लिहून ठेवणार मी, वय चौऱ्याहत्तर, वनस्पतिसंग्रहालयातून निवृत्त. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे आता कोणी उरलेही नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलीला. मागच्या खोलीतली ओल तिने आधी काढून घ्यावी. मी दहा वर्षे नुसती बघतो आहे.

२. धाकट्या भावाला माझी काळी छत्री. ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे. आता विचारणारा कोणी नसेल, एवढाच फरक.

३. भिंग व सूक्ष्मदर्शक संग्रहालयाला. सोबत एक कबुली. छत्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेल्या एका वाळक्या फांदीवरून मी नवी जाती जाहीर केली. वर्णन माझेच : झुडूप, पुरुषभर उंच, पाने समोरासमोर, खालून लवदार, फुले पिवळी, पाच पाकळ्यांची, गळ्याशी तांबूस ठिपके, फळ पाहण्यात नाही.

ते फूल त्या फांदीचे नव्हते. वाळकी फांदी कागदावर चिकटवायची आणि गळलेले फूल पुडीत घालून त्याच कागदाला लावायचे, हा आमचा शिरस्ता. त्या दिवशी टेबलावर दोन झुडपांचे कागद उघडे होते. चित्र काढायला सोपे जावे म्हणून मी खाली पडलेले फूल उचलले आणि देठाशी डिंकाने चिकटवले. आठ वर्षांनी भिंगाखाली डिंक दिसला. असे झुडूप जगात कुठेही नाही. संग्रहालयाने ते नाव रद्द करावे.

तेव्हाच सांगायला हवे होते. पण नाव बायकोचे दिले होते. "दागिना मागितला, तर झुडूप दिलं यांनी," असे ती पाहुण्यांना सांगायची आणि छापील चित्र पुढे करायची. ती जाऊन पाच वर्षे झाली, तरी मी गप्पच.

४. माझ्या शिष्याला काय द्यावे, कळत नाही. ते झुडूप शोधायला तो अकरा वर्षांत पाच वेळा, फांदी जिथून आली त्या जंगलात गेला. पहिल्या खेपेला विमानतळावर पोचवायला मीच गेलो होतो, सगळे ठाऊक असून. तो हिवताप घेऊन आला, ठरलेले लग्न मोडले. मग ते जंगलच तोडले गेले आणि त्याने जाती नामशेष झाल्याचा लेख छापला. परवा माझ्याशेजारी बसून म्हणाला, "सर, दोन वर्षं आधी पोचलो असतो तर एखादं तरी वाचलं असतं. माझीच ढिलाई."

मी म्हणालो, "चहा घे, निवतोय."

पुस्तके त्याला द्यायची होती. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि साक्षीला मी त्यालाच बोलावले आहे. समोर बसला की सांगेन, असे ठरवून.

वरील सर्व पुन्हा वाचले. माझेच आहे.

स्थळ : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : १७ जुलै, दुपारी चार
सही : लिहून ठेवणार

साक्षीदार १ : शेजारचे डॉक्टर

साक्षीदार २ : शिष्य. "सर, वाचून बघू का एकदा?" असे त्याने विचारले. मी सहीच्या जागेवर बोट ठेवले. त्याने न वाचता सही केली.