गोठलेला तिसरा अंक

३० सप्टेंबर २०२५, सर्वण

काँप्युटर अजून चालूच. अठरा दिवस झाले. आमचे हे एक नाटक टाईप करत होते, तिसऱ्या अंकात स्क्रीन गोठली. घटकाभराने हेच खुर्चीवरून कलंडले. अर्धांगाचा झटका. आता उजवा हात हलत नाही, वाचा नाही. कळतं मात्र सगळं.

नाटक गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर गेले, वही वाळवीने खाल्ली. ह्यांनी वीस जत्रांत विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, म्हणून ह्यांना पाठ. आणि एवढं टाईप करून एकदाही सेव्ह केलं नाही. बंद केला की गेलं!

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. जाऊबाई सुमंगला झेंडूची माळ घेऊन आली ती थेट बटणाकडेच. "चालू मशीनाची पूजा करतात काय गे?" मी हात धरला. "माळ घाल आणि गप बस." फुगली. फुगू दे.

दुपारी नणंदेचा साईश आला. मोपाच्या विमानतळावर काँप्युटरचीच नोकरी. म्हणाला, "मामी, प्रोग्राम गोठलाय, मेलेला नाही. मामांनी लिहिलेलं त्याच्या मेमरीत आहे." डिबगर म्हणून काहीतरी लावलं. त्याने प्रोग्रामला जागच्या जागी थांबवायचं, मेमरी उचलून फाईलीत ठेवायची. मग तोच प्रोग्राम नवा उघडून तीच मेमरी त्यात परत भरायची.

फाईल झाली. तरी मी बटण बंद करू दिलं नाही.

२ ऑक्टोबर

परत भरली तर नवा प्रोग्राम धाडकन बंद. साईश म्हणतो, प्रत्येक वस्तू पहिल्याच जागी बसली पाहिजे, नाहीतर त्याला काही सापडत नाही. हे मला लगेच कळलं. मी ह्यांच्याजवळ इस्पितळात होते तेव्हा सुमंगलाने माझं स्वयंपाकघर लावलं. दोन दिवस मीठ शोधतेय.

३ ऑक्टोबर

साईश कामावर. बसून राहिले.

लग्नाआधी मी ह्याच नाटकाच्या तालमीला चहा घेऊन जायची. शाळेच्या पडवीत तालीम. माझी शाळा चौथीतच सुटली, पण तिथे रोज दोन तास बसायची, किटली रिकामी झाली तरी. गावातला राजेश राजा व्हायचा. भरजरी अंगरखा, डोक्यात संवाद शून्य. तो नुसते ओठ हलवायचा, विंगेतून हे बोलायचे. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणायच्या, "राजा मुका, विंग बोलकी." मी राजाकडे कधी बघितलंच नाही.

५ ऑक्टोबर

रविवार. साईशने जागा जुळवल्या, मेमरी भरली. उघडलं! ह्यांना खुर्चीत बसवून दाखवलं. दोन अंक पुरे. तिसऱ्यात राणी दरबारात येते, म्हणते, "महाराज, हा न्याय" — आणि पुढे कोरं.

साईश म्हणाला, "मामी, मामांनी इथपर्यंतच लिहिलेलं. नाही ते कुठून काढू?"

ह्यांनी तोंड फिरवलं. मी डोळे पुसायला गेले तर माझा हात ढकलला. जेवले नाहीत.

६ ऑक्टोबर

साईशला रजा घ्यायला लावली. त्याला म्हटलं, मी बोलते, तू लिही. राणीपासून शेवटच्या आरतीपर्यंत सगळा तिसरा अंक बोलले. कुठून आला, देव जाणे. चुकले की हे डाव्या हाताने खाट ठोकायचे, बरोबर शब्द येईपर्यंत.

सहा ठिकाणी चुकले. सातव्या ठिकाणी मुद्दाम, ह्यांनी परत ठोकावं म्हणून.