मृत आईच्या फोन-खात्यातील नवरींची छायाचित्रे न पाहता नष्ट करण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
खासगी माहिती तक्रार कक्ष,
तेतुआन, मोरोक्को

विषय : दिवंगत शामा बेनायसा यांच्या फोन-खात्यातील सर्व छायाचित्रे व ध्वनिसंदेश न उघडता कायमचे पुसण्याचा आदेश कंपनीस मिळणेबाबत.

संदर्भ : नेमके काय पुसायचे त्याचा तपशील मागणारे आपले पत्र.

महोदय,

शामा बेनायसा ही माझी आई. ती नगाफा होती, म्हणजे लग्नात नवरीला सजवून, दागिने व मुकुट घालून मिरवणारी बाई. आपल्या घरातल्या मुलींना अशाच एखादीने सजवले असेल, तेव्हा या बाईसमोर नवरी कोणत्या अवस्थेत बसते हे आपणांस ठाऊक आहे. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे मुली तिला आपली छायाचित्रे पाठवत आणि जे सांगायचे ते बोलून पाठवत. आईला कुणी खोदून विचारले तर ती म्हणे, "माझ्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, उगाच तोंड दुखवू नकोस."

फोन मी घेऊन दिला. खाते मीच उघडले. फोनने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी "परवानगी आहे" म्हणत गेले. कुलपासाठी चार आकडे ठेवू म्हटले, तर आई म्हणाली, "अगं, आकडे नकोत मला. थोबाड बघून उघडत असेल तर तसंच ठेव. ते काही मी घरी विसरून येत नाही." मी हसले आणि तसेच केले. मदतीला सोपे जावे म्हणून तेच खाते माझ्याही फोनवर उघडे ठेवले. तिचा आधीचा, कुलूप नसलेला फोन त्याच खात्यासकट जुन्या बाजारात विकला, तो पुसायचे माझ्या मनात आले नाही. मी शिकलेली आहे; हे सारे मला कळायला हवे होते.

आईच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी बायका जमणार होत्या. त्यांना तिची छायाचित्रे मोठी दिसावीत म्हणून मामेभाऊ अब्दस्लाम याच्या चहाच्या दुकानातला टीव्ही घरी आणला व त्याला आईचे खाते जोडले. मी निवडून फक्त आईची छायाचित्रे दाखवली. बायका रडल्या, जेवल्या, गेल्या. टीव्ही परत गेला. खाते तोडायचे राहिले.

तो टीव्ही रिकामा राहिला की जोडलेल्या खात्यातली छायाचित्रे आपोआप दाखवतो. हे मला अब्दस्लामच्या फोनवरून कळले : "आत्ताच्या आत्ता ये! तुझ्या आईच्या नवऱ्या माझ्या गिऱ्हाइकांसमोर येऊन बसल्यात. मॅच संपली तरी एक माणूस उठेना!" मी धावत जाऊन खाते तोडले. तोवर एका मुलीचे छायाचित्र तिच्या सासऱ्याने चहा पिता पिता पाहिले होते. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. तिच्या डोक्यावरचे केस आजारात गेले आहेत. आईने मुकुटाच्या आतून दुसरे केस शिवून टक्कल झाकले होते; छायाचित्र त्याआधीचे होते. सासू आळीत म्हणाली, "वा! मुकुट भाड्याचा, हे ठाऊक होतं. केसही भाड्याचेच निघाले!" मुलगी आता माहेरी आहे. मी क्षमा मागायला गेले. तिने दार पूर्ण उघडले नाही. एवढेच म्हणाली, "ताई, मी तुमच्या आईला सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

विकलेल्या फोनवर ते खाते आजही उघडे असेल. तो कुणाच्या हाती आहे, ठाऊक नाही. म्हणून खाते चालवणाऱ्या कंपनीला कळवले. उत्तर आले की, पुसण्यासाठी खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करावी. मी मृत्यूचा दाखला पाठवला. पुन्हा तेच उत्तर आले, शिवाय उजेड पुरेसा ठेवण्याची सूचना. पाहायला कुणालाही अटकाव नाही, पुसायला मात्र आईचाच चेहरा लागतो. नातलग म्हणतात, मी अगदी तिच्यासारखी दिसते. म्हणून तिचा रुमाल तिच्यासारखा बांधून मी खिडकीपाशी उभी राहिले आणि पापण्या मिटल्या, उघडल्या. यंत्राने मला ओळखले नाही. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही.

आपल्या पत्रात दोन गोष्टी आहेत. कोणती छायाचित्रे पुसायची ते मी निवडून कळवावे, आणि पुसण्यापूर्वी आईच्या ध्वनिसंदेशांची प्रत वारस म्हणून मला मिळू शकेल. यामागील सहानुभूतीबद्दल मी ऋणी आहे. परंतु निवडायचे तर कुणीतरी पाहायला हवे, आणि आईने माझ्यासाठी याच खात्यात बोलून ठेवलेले निरोप त्या मुलींच्या निरोपांतच मिसळलेले आहेत; वेगळे काढायचे तर सगळे ऐकावे लागतील. ते ऐकण्याचा अधिकार आपल्या कर्मचाऱ्यांना नाही. मलाही नाही.

तरी विनंती की, काहीही न उघडता संपूर्ण खाते नष्ट करण्याचा आदेश व्हावा. आईचा आवाज माझ्याकडे अन्यत्र कुठेही नाही, हे मला माहीत आहे. प्रत नको.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार,
गिझलान अफैलाल

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत : मृत्यूचा दाखला, नात्याचा दाखला, कंपनीची उत्तरे. छायाचित्राचा नमुना मागितला होता. तो जोडलेला नाही.