सीलबंद डब्यात अडकलेली नवऱ्याची चाल परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अभियंता,
नगरपालिका संगणक दुरुस्ती कक्ष,
सान इसिद्रो दे ला पाम्पा, जिल्हा ओरुरो.

अर्जदार: साबिना कोल्के, कै. सालुस्तियो लारुता यांची विधवा. धंदा: बाजारात सूप विकणे. राहणार: खाणकामगार वस्ती, बँडच्या खोलीसमोर.

विषय: सुरू न होणाऱ्या घरगुती संगणकातील एक फाईल ९ मेच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाची पावती क्र. ११८, दि. २७ फेब्रुवारी २०१२.
२) आपल्या खिडकीवर मारलेल्या चौदा खेपा, ज्यांची पावती मिळत नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणास पुढीलप्रमाणे कळविते. अर्ज लांब आहे. परंतु आपल्या खिडकीसमोरची रांग याहून लांब असते आणि ती अर्जदाराने चौदा वेळा पार केली आहे, तरी आपण हा एकदा वाचावा.

१. अर्जदाराचे पती तीस वर्षे गावच्या ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत व बँडसाठी चाली रचत. गेल्या वर्षी ९ मे रोजी ते छातीच्या दुखण्याने वारले. शेवटचे तीन महिने ते कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसत व एकच चाल रचत. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा झाल्यावर अर्जदार अंगावरचे दुखवट्याचे काळे कपडे उतरवील, त्या वेळी बँडने ती वाजवावी अशी त्यांची इच्छा होती. अर्जदार मागे जाऊन उभी राहिली की म्हणत, "साबिना, आत्ता कान देऊ नकोस. त्या दिवशी ऐक. आत्ता ऐकलीस तर चुका काढशील." चुका काढल्या असत्या, हे खरे आहे. चाल त्यांनी कागदावर उतरवली नाही, कोणाला दिली नाही. दाढी करताना पहिल्या दोन ओळी शिटीवर म्हणत, तेवढ्याच बँडमास्तर फ्रुक्तुओसो व अर्जदार यांच्या कानावर पडल्या. बाकी सर्व संगणकाच्या त्या डब्यात आहे.

२. आता बिघाडाविषयी. कार्निव्हलच्या मंगळवारी आपल्या गावात घर, गाडी, शिवणयंत्र, जे जे म्हणून पोटाला घालते त्या सगळ्याला बिअर पाजून वर कागदी फिती टाकतात, हे आपणास सांगायला नको. न पाजलेली वस्तू वर्षभर रुसते. दरसाल संगणकाची पाजणी पती करीत: चार कोपऱ्यांना चार थेंब, उरलेला ग्लास स्वतःच्या घशात. यंदा हे काम अर्जदाराकडे आले. पहिला घोट धरतीमाय पाचामामाला, चार थेंब चार कोपऱ्यांना, इथपर्यंत काही चुकले नाही. पण पतीचा ग्लास भरलेला तसाच राहिला. गेलेल्या माणसाचा वाटा ओतायचा तर कुठे ओतायचा, महोदय? ज्याच्यापुढे त्यांनी शेवटचे तीन महिने काढले त्यालाच अर्जदाराने तो पाजला. वरच्या जाळीतून, सगळा. मग बटण दाबले. डबा एकदा खोकला, जळक्याचा वास आला आणि गप्प झाला. अर्जदाराची नणंद बासिलिया शेजारी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "वहिनी, दादाला एवढी तहान नव्हती गं!"

ही चूक अर्जदाराची आहे आणि ती कबूल आहे. यापुढच्या चुका आपल्या कक्षाच्या आहेत.

३. आपल्या छापील फॉर्मात बिघाडाच्या कारणासाठी चारच चौकोन आहेत: वीजपुरवठा, विषाणू, पडणे, पाणी. खिडकीवरील कारकून श्री. ओरोपेसा यांनी 'पाणी' या चौकोनात फुली मारली व पुढे हाताने 'निष्काळजीपणा' असे लिहिले. अर्जदाराने सांगितले की पाणी नव्हते, बिअर होती. आणि निष्काळजीपणा नव्हता, पाजणी होती. त्यावर ते म्हणाले, "मावशी, फॉर्ममध्ये पाजणीचा चौकोन नाही. मी काय घरून आणू?" निष्काळजीपणाची कामे घेतली जात नाहीत असा नियम दाखवून त्यांनी डब्याला सील ठोकले. काम घेत नाही तर डबा परत द्या म्हटले, तर सीलबंद वस्तू चौकशी संपेपर्यंत परत देता येत नाही म्हणाले. चौकशी कोण करणार? "ते अजून ठरायचंय."

४. पाजणी ही पूजा आहे, याचा दाखला आणण्यास सांगण्यात आले. अर्जदार फादरांकडे गेली. फादर म्हणाले, "बाई, ही पूजा माझ्या खात्यातली नाही," आणि तसे लिहून दिले. मग कोकाची पाने पाहून कौल देणाऱ्या यातिरी बाबांकडे गेली. बाबांनी पाने टाकली, पाजणी पोचली असा कौल दिला, पण त्यांच्याकडे शिक्का नाही. श्री. ओरोपेसा यांनी पाने उलटीसुलटी करून पाहिली आणि आवक क्रमांक कुठे टाकू असे विचारले. त्यानंतर बिअरमध्ये पाणी किती हे बिअर कारखान्याकडून लिहून आणण्यास सांगितले. कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी अजून हसतो आहे, असे ऐकिवात आहे.

५. बाराव्या खेपेस असे निघाले की संगणक पतीच्या नावे आहे, म्हणून मालकाने समक्ष येऊन सही करावी. अर्जदाराने मृत्यूचा दाखला पुढे केला. "तो ठीक आहे हो, पण सही?" अर्जदार म्हणाली, "आणते त्यांना. फक्त ते आता बसून राहायचे नाहीत, आडवी जागा करून ठेवा." याची नोंद 'कार्यालयात उद्धट वर्तन' अशी झाली आहे. नोंद बरोबर आहे. ती खोडू नये.

६. काल दि. १६ एप्रिल रोजी चौदाव्या खेपेस अर्जदारास त्या नोंदीखाली सही करण्यासाठी प्रथमच आत बोलावण्यात आले. आत सहा संगणक आहेत. सहाही बंद. पडद्यांवर रंगीत फिती लोंबत आहेत, कीबोर्डच्या फटींत पाकळ्या वाळल्या आहेत, आणि आठ आठवडे उलटले तरी खोलीला बिअरचा वास आहे. झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी मोठ्या साहेबांनी स्वतः पाजली की! साहेबांचा हात फार सढळ." महोदय, मोठे साहेब म्हणजे आपण. भिंतीवरील तक्त्यात त्या सहाही संगणकांच्या बिघाडाचे कारण 'वीजपुरवठा' असे लिहिलेले अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. अर्जदार शाळेत गेलेली नाही. सूप विकता विकता दुकानांच्या पाट्यांवरून वाचायला शिकली आहे. पण 'वीजपुरवठा' तिला वाचता येतो.

७. आपल्या कारागिराने अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले की बिअर फक्त वीज देणाऱ्या भागात गेली. फाईल ज्या डिस्कमध्ये आहे ती ठणठणीत कोरडी आहे. "अर्ध्या तासाचं काम, साबिनाबाई. डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची, झालं. पण जोडू कशाला? इथं एकही मशीन जिवंत नाही." माझे नाव अर्जात घालू नका असे तो म्हणाला, म्हणून घातलेले नाही. आपल्याकडे कारागीर एकच आहे.

८. तरी अर्जदाराची विनंती अशी की एक तर तिचा डबाही 'वीजपुरवठा' या चौकोनात घालावा, नाही तर आपले सहाही 'निष्काळजीपणा'त घालावेत. तिची दोन्हीस हरकत नाही. मात्र सील तोडून डिस्क तिच्या हातात द्यावी. बँडमास्तरांची मुलगी शिक्षिका आहे, तिच्या घरचा संगणक चालू आहे. पाजणी तिच्याकडेही होते, पण ती आधी वर प्लास्टिक घालते.

९. तसे न झाल्यास सोमवार दि. २३ पासून बँडचे बाराही जण कार्यालय उघडताच आपल्या खिडकीखाली उभे राहून सालुस्तियोच्या चालीच्या त्या दोन ओळी वाजवतील, कार्यालय बंद होईपर्यंत. त्यांना तेवढ्याच येतात. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ट्रंपेट वर चढते आणि तिथेच राहते, खाली उतरत नाही. ऐकणाऱ्याला घास गिळवत नाही. आपण एक दिवस ऐकून पाहावे. अर्जदार अकरा महिने ऐकते आहे.

ती चाल रडायची आहे की नाचायची, हेही अर्जदारास ठाऊक नाही. तिने घागरा मात्र पिवळा शिवून ठेवला आहे.

आपली, खिडकीबाहेर उभी राहण्यापुरती नम्र,

(सही) साबिना कोल्के, विधवा लारुता
दि. १७ एप्रिल २०१२

सोबत:
१. पावती क्र. ११८.
२. मृत्यूचा दाखला. सही करणार नाही.
३. फादरांचे पत्र.
४. यातिरी बाबांची कोकाची पाने, तीन. फुंकू नयेत.
५. बिअरची रिकामी बाटली, एक. पाणी किती ते आपणच पाहावे.
६. बँडमास्तरांनी हाताने उतरवलेल्या चालीच्या पहिल्या दोन ओळी. पानाचा खालचा भाग कोरा सोडला आहे. तो ९ मेच्या आत भरायचा आहे.