मुले म्हणजे कोण कोण

मी, मंजुळाबाई भाईदास बोरसे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार गल्ली नंबर चार, धुळे, शुद्ध ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. वकिलांच्या कारकुनाने दिलेल्या मसुद्यात 'लिहून ठेवतो' असे होते. मी म्हटले, "अहो, लिहिणारी बाई आहे." तो म्हणाला, "नमुनाच तसा असतो बाई. 'ठेवतो'मध्ये सगळे आले." हे 'सगळे आले' मी चौतीस वर्षे ऐकते आहे. मसुदा परत केला आणि स्वतः लिहायला बसले. लांबले तर वाचणाऱ्याने सोसावे.

कलम १. माझ्या कमाईच्या दोन खोल्या माझा भाऊ भटू याची मुलगी इंदुमती, शिक्षिका, मुक्काम फैजपूर, हिला मिळाव्यात. नाव घालून लिहिते आहे, मोघम नाही. त्याचे कारण असे.

आमचे वडील तोताराम, म्हणजे आमचे आबा, दोंडाईच्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. स्टेशनाजवळचे घर त्यांनी स्वतः बांधले. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन मी त्या घरात परत आले, तेव्हा चार लोकांचे न ऐकता त्यांनीच मला ट्रेनिंगला धाडले. सन १९३९ साली ते अंथरुणाला खिळले. मृत्युपत्र त्यांनी सांगितले आणि मी लिहिले: 'राहते घर माझ्या मुलांनी समान वाटून घ्यावे.' मी विचारले, "आबा, मुलांनी म्हणजे?"

"तुम्ही तिन्ही," आबा म्हणाले. "आखो कोन शे?" आणखी कोण आहे, असे.

तिन्ही म्हणजे मी, पाठचा पुना आणि धाकटा भटू. भटू तेव्हा आबांचे पाय चेपत बसला होता. 'मुलांनी व मुलीने' असे लिहावे, हे माझ्या मनात आले होते. पण मी व्याकरण शिकवणारी. मुले म्हणजे मुलगे आणि मुली, असे रोज फळ्यावर लिहीत होते. कागदावर दोन शब्द वाचवले आणि घर घालवून बसले.

आबांच्या तेराव्यानंतर पंच बसले. नेमीचंद शेठने कागद वाचून सांगितले, "मुलांनी, म्हणजे मुलग्यांनी." मी म्हटले, "शेठजी, मुले म्हटले की मुलगीही आली. आबांनी तोंडाने तिन्ही सांगितले आहे." पुना हसला. "अक्का, तू ते आंडेर शे, आंडोर थोडीच शे?" तू लेक, मुलगा थोडीच, असे. मी भटूकडे पाहिले. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी मी एक ट्रंक घेऊन धुळ्याला आले.

कलम २. माझे दोन शब्दकोश आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला द्यावेत, म्हणजे चिटणीस अभयकुमारांना ते उघडता येतील. वाचनालयाचा नियम सातवा: 'जो सभासद मोठ्याने बोलेल त्यास बाहेर जावे लागेल.' या नियमाखाली मला दोनदा बाहेर काढले. नियम अकरावा: 'जो सभासद तीन वर्षे जुना असेल त्यास कार्यकारिणीवर उभे राहता येईल.' सन १९६२ साली मी उभी राहिले, तर अभयकुमार म्हणाले, "बाई, नियमात 'जो' आहे."

"सातव्या नियमातही 'जो'च आहे. तेव्हा मी कशी चालले?"

"तो सर्वसामान्य 'जो' आहे."

या उत्तरावर मला सहा वर्षे झगडावे लागले. नियम बदलला, मी निवडून आले, मुख्य खुर्ची माझ्याकडे आली, आणि पहिली सभा मला अध्यक्ष म्हणावे, अध्यक्षा म्हणावे की अध्यक्षीणबाई, यावर वाद घालण्यात गेली. छपराच्या गळतीचा विषय तसाच राहिला. अजून गळते.

कलम ३. माझी छडी बंबात घालावी. आमच्या खानदेशी बोलीत 'मी शाळामा जास' असे मुलगा म्हणतो आणि मुलगीही तेच म्हणते. त्या लेकरांना छड्या मारून मी 'जातो' आणि 'जाते' वेगळे करायला शिकवले. परीक्षेत ती पास झाली. तरी त्यांच्या तळहातांबद्दल मला वाईट वाटते, आणि हे सांगायला आता कोणाकडे जावे ते कळत नाही.

कलम ४. माझा भाऊ भटू यास काहीही देऊ नये. पुना वारला, त्याच्याशी भांडण मिटले. भटू या संक्रांतीला आला. पुनाचा वाटा विकला गेला आहे, स्वतःचा अर्धा माझ्या नावे करतो म्हणाला. मग म्हणाला, "अक्का, आबानी तिन्हीसले सांगेल व्हतं. माले याद शे."

"मग तेव्हा काय झाले होते?"

"पुनाभाऊनं भ्याव वाटनं."

मला इतका संताप आला की चहाचे आधण उतू गेले तरी उठले नाही. सत्तावीस वर्षांचा बाप्या, दोन शब्द बोलायला भ्याला! घर मला नको. सहासष्टाव्या वर्षी दोंडाईच्याला जाऊन मी काय करू? मी त्याला सांगितले, "देणे असेल तर एकच दे. तेव्हा बोलला नाहीस, ते आता कागदावर सही करून बोल." तो रडला. मला रडणारी माणसे आवडत नाहीत, पण त्याला मी जेवू घातले.

याखेरीज माझी काही मिळकत नाही. पूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. या कागदात जेथे 'मुले' आले आहे तेथे कोणीही कृपया अर्थ सांगू नये.

स्थळ: धुळे. दिनांक ११ मार्च १९७३.

सही: मंजुळाबाई भाईदास बोरसे

साक्षीदार:

१. लाडकुंवर निर्मलकुमार जैन, शेजारी. बाईंनी माझ्यादेखत सही केली.

२. भटू तोताराम पाटील, दोंडाईचा. अक्काने सही माझ्यासमोर केली. कागद मी पूर्ण वाचला. आबा तिन्ही म्हणाले होते. मी तेथेच होतो.